पौषात गावात नसलेल्या मेंढ्या

मी आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ केला. त्यातला बराचसा घरच्या घरी जिरला. एकच तेवढा छापून आला, आणि त्यावर माझं नाव नाही.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी बावन्न वर्षांची, पशुवैद्यक महाविद्यालयात जनावरांच्या पोटातले जंत शिकवणारी बाई होते. केसांना मेंदी, गळ्यात चष्म्याची साखळी, आणि आपल्यावाचून जंतांचं अडतं अशी पक्की समजूत. एक दिवस पोस्टानं जाड खाकी पाकीट आलं. एका शास्त्रीय नियतकालिकानं मला परीक्षक नेमलं होतं. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शोधनिबंध छापण्याआधी तो त्याच विषयातल्या दोघा-तिघांकडे गुपचूप तपासायला पाठवतात. त्यांनी तो नीट वाचायचा, आकडे ताडून बघायचे, शंका काढायच्या. त्यांची नावं लेखकाला सांगत नाहीत. मोबदला काही नाही, मान मोठा. निदान मला तसं वाटलं. ते पाकीट मी चार दिवस टेबलावर असं ठेवलं की येणाऱ्याजाणाऱ्याची नजर त्यावर पडावी.

निबंध एका मोठ्या साहेबांचा होता. नाव लिहीत नाही, या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढवत नाहीत. अजिंठ्याजवळच्या एका गावात साठ मेंढ्यांना आपण झाडपाल्याचा काढा पाजला, वर्षभर दर पंधरा दिवसांनी त्यांची वजनं केली, जंत नाहीसे झाले आणि मेंढ्यांनी बाळसं धरलं, असं त्यात होतं. हे साहेब एका परिषदेत जेवताना माझ्या शेजारी बसले होते आणि "तुमच्यासारख्या अभ्यासू बायका विरळा" असं म्हणाले होते. तेवढं पुरलं. मी तो निबंध एका दुपारी, कुरडयांचा चीक शिजत असताना वाचला. वाचला म्हणजे पानं उलटली. दोन स्वल्पविराम दुरुस्त केले. संदर्भांच्या यादीत माझाही एक जुना लेख घालावा अशी सूचना केली. लेख कोंबड्यांच्या जंतांवर होता, पण कोंबडी काय नि मेंढी काय, जनावरच. शेवटी अकरा ओळींत लिहून टाकलं की काम उत्तम आहे, छापायला हरकत नाही.

कुरडया त्या वर्षी चांगल्या झाल्या.

यंदा भाद्रपदात अनिरुद्धचा फोन आला. अनिरुद्ध माझा जुना विद्यार्थी, आता त्याच नियतकालिकाचा संपादक.

"मॅडम, त्या काढ्याच्या निबंधाविरुद्ध तक्रार आलीय. जुन्या फायलीत बघितलं तर तपासणारे दोघं. एक वारले. दुसऱ्या तुम्ही."

तक्रार करणारी संभाजीनगरची, सुजाता नावाची बाई. तिनं पीएचडीसाठी तोच प्रयोग पुन्हा केला होता आणि तिच्या मेंढ्यांना त्या काढ्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. प्रबंध परत आला. कारण काय, तर छापून आलेल्या मान्यवर संशोधनाशी तिचे निष्कर्ष जुळत नाहीत. मार्गदर्शकांनी अंग काढून घेतलं. आता तिचं म्हणणं एवढंच होतं की तो खोटा निबंध मागे घ्या, म्हणजे माझा प्रबंध पुन्हा बघा असं मला विद्यापीठाला सांगता येईल.

"पुरावा काय आहे?" मी विचारलं.

"तिच्याकडे तिचे आकडे, साहेबांकडे साहेबांचे. आणि साहेबांच्या बाजूला तुमची शिफारस. दसऱ्यानंतर समिती बसेल. तुम्ही लिहून दिलंत की मी तपासलं नव्हतं, तर काहीतरी हालेल. नाहीतर फाइल बंद."

मी त्याला म्हटलं, आधी जाऊन बघते. घरी सांगितलं, लेणी बघायला जाते. सून म्हणाली, "पितृपक्षात?" म्हटलं, "लेण्यांना पितृपक्ष नसतो."

शहागंज

साताऱ्याहून संभाजीनगरपर्यंतचा प्रवास वगळते. तो कंबरेनं केला, कंबरेलाच विचारा.

सुजाता मला शहागंजच्या घड्याळापाशी घ्यायला आली. चाळिशी ओलांडलेली, किडकिडीत, हातात हेल्मेट. आमच्याकडे परगावचा पाहुणा आला की आधी कुठं उतरलात, कुणाकडं उतरलात याची चौकशी होते. हिनं माझी पिशवी घेतली, स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि म्हणाली, "बसा मॅडम, टेन्शन नका घेऊ, हळू चालवते." चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी शहागंजच्या गर्दीतून स्कूटरवर मागं बसून गेले. दोन्ही बाजूंना कापडाचे ठेले, खजुराचे ढीग, अत्तराच्या बाटल्या. एक हातगाडीवाला माझ्या गुडघ्याला घासून गेला आणि वर मलाच म्हणाला, "खालाजान, पाँव अंदर लेव." मी पाय आत घेतले. नाहीतरी शहरात मी चोरपावलांनीच आले होते.

कारण मी तिला खरं सांगितलं नव्हतं. संपादकांनी चौकशीला पाठवलंय, निवृत्त आहे, घरी वेळ जात नाही, असं सांगितलं होतं. यातलं शेवटचं तेवढं खरं.

तिनं मला नान-खलिया खाऊ घातला. फुगीर पिवळसर नान, आणि वाडग्यात मटणाचा पातळ रस्सा, वर लाल तवंग. आमच्या तांबड्या रश्श्यासारखा हा नाकातोंडातून धूर काढत नाही. तो आधी गोड बोलतो आणि मग हळूच घसा धरतो. पितृपक्षात मटण, म्हणून मी जरा इकडंतिकडं बघितलं. पण पितर माझे होते आणि ते खाण्यापिण्यातले होते.

ताटं उचलल्यावर सुजातानं पिशवीतून निबंधाची झेरॉक्स काढली. कडा झिजून मऊ झालेल्या.

"मॅडम, हा तक्ता बघा. दर पंधरा दिवसांचं वजन, बरोबर? हे जून, हे ऑगस्ट, हे नोव्हेंबर. आता हे जानेवारी."

"बघितलं."

"जानेवारीत मेंढरं गावात असतात का?"

कऱ्हाडजवळ माझ्या वडिलांचा मळा होता. दर हिवाळ्यात माणदेशाकडून धनगर यायचे, आमच्या रानात मेंढ्या बसवायचे. लेंडीखत रानाला, ज्वारी त्यांना, असा व्यवहार. मी त्यांच्या पालात जाऊन बसायचे, घोंगडीत कोकरू धरून झोपायचे. दिवाळी झाली की धनगर गाव सोडतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. पौषात मेंढी तिच्या गावात नसते, ती दुसऱ्याच्या रानात असते. हे मला वयाच्या सहाव्या वर्षी माहीत होतं. बावन्नाव्या वर्षी, प्राध्यापक झाल्यावर, माझ्यासमोर तक्त्यात जानेवारीत गावात उभ्या असलेल्या साठ मेंढ्या आल्या आणि मी स्वल्पविराम दुरुस्त करत बसले.

"नसतात," मी म्हणाले.

"मग परीक्षकाला हे कसं दिसलं नाही?"

"काही परीक्षक बिनडोक असतात," मी म्हणाले. ती हसली. मीही हसले. इतकी हलकट मी याआधी कधी हसले नव्हते.

मग ती मला घरी चहाला घेऊन गेली. दोन खोल्या, दारात तुळस नव्हती पण कुंडीत मिरची होती. तिची आई साधारण माझ्याच वयाची. "जय भीम, बसा बाई," म्हणाली आणि थोड्या वेळानं आपणहून बोलू लागली. "हिच्या बापाला लई हौस. आमच्यात कुणी डाक्टर झालेलं नव्हतं. हिनं ते पुस्तक बांधून युनिव्हर्शिटीत दिलं, त्याच दिवशी त्यांनी पेंटरकडून पाटी रंगवून आणली. हिच्या नावाआधी डाक्टर लिहून. लावू म्हणले, निकाल लागला की."

"कुठं आहे ती?"

"पलंगाखाली. ते गेले, पाटी राहिली."

सुजाता म्हणाली, "आई, कशाला ते." ती आता एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवते. जितके तास घेतले तितकं मानधन, सुट्टीत काही नाही. मुलं तिला मॅडम म्हणतात. मला ती मॅडम म्हणत होती आणि दर वेळी मला खाली मान घालून पलंगाकडं बघावंसं वाटत होतं.

दौलताबाद

दुसऱ्या दिवशी सुजाताचे तास होते. मी एकटीच दौलताबादला गेले. घरी लेणी सांगितली होती, किल्ल्याचं पाप वेगळं.

किल्ला मी अर्धाच चढले, पण अंधारीपर्यंत गेले. अंधारी म्हणजे डोंगराच्या पोटातून काढलेला वळणावळणाचा काळोखा बोगदा. आतलं वाटाड्यांचं बोलणं ऐकण्यासारखं असतं. आमचा वाटाड्या पंचविशीतला, आवाज पोवाड्याचा. शत्रू इथं कसा घुसायचा, वटवाघळं अंगावर कशी यायची, उजेड दिसला म्हणून धावलेला सैनिक थेट खंदकात कसा पडायचा, सगळं हातवारे करून सांगत होता. खंदक, मगरी, खिळ्यांचे दरवाजे, पुन्हा खंदक.

"मग हा किल्ला कुणी जिंकला?" मी विचारलं.

"लढून घ्यायचा म्हणजे अवघड काम होतं, आजी. लोक सांगतात, दारावरच्या पहारेकऱ्याला फोडलं. त्याला माल दिला, त्यानं कडी काढली. खेळ खलास."

मी तिथंच पायरीवर बसले. वाटाड्याला वाटलं, आजीला दम लागला. त्यानं पाणी दिलं. त्या पहारेकऱ्याला निदान माल तरी मिळाला होता. मला फोडण्यासाठी जेवणाच्या टेबलावरचं एक वाक्य पुरलं होतं.

साहेब आता दौलताबादलाच राहतात, पायथ्यापासून थोडं आत, सीताफळांच्या बागेत. मी फोन करून गेले होते. वय एक्याऐंशी, पण पाठ ताठ, पांढराशुभ्र झब्बा. बंगल्याच्या व्हरांड्यात एका भिंतीभर सन्मानचिन्हं. मला बघताच दोन्ही हात पसरून म्हणाले, "या, या. कोंबड्यांच्या बाई."

मी उभीच राहिले. "तुम्हाला माहीत होतं?"

"अहो, मेंढ्यांच्या निबंधात कोंबड्यांचा लेख घाला असं कोण सांगणार? ज्याचा लेख तो. मी त्याच दिवशी बायकोला म्हटलं, बाईंनी पास केलं."

गुप्त परीक्षक म्हणे. मी खिडकीतून डोकं काढून नाव सांगितलं होतं.

चहा आला. मी विषय काढला. त्यांनी नाकारलं नाही, हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. चोर दारात सापडला तर निदान गोंधळतो. हे बिस्किट चहात बुडवत होते.

"एकदा गेलो होतो मी त्या गावात. मेंढ्या बघितल्या, चांगल्या होत्या. दर पंधरवड्याला जीप कोण देणार, बाई? अहवाल वेळेत द्यायचा होता. मग बाकीचं अनुभवानं भरलं."

"अनुभवानं?"

"इतकी वर्षं काम केल्यावर माणसाला अंदाज असतो. मेंढी साधारण किती वाढेल ते."

"आणि ती मुलगी? सुजाता?"

"कोण?" त्यांनी खरोखरच आठवून बघितलं. "हां, ती. मी तिचं वाईट केलं नाही हो. मी तर तिचा प्रबंध बघितलाही नाही."

मग आवाज खाली आणून, अगदी घरच्या माणसासारखं म्हणाले, "तुम्ही लिहून द्या, मी अडवत नाही. मला लोक चार दिवस बोलतील, मला काय. पण तुमचा विचार करा. तुमच्या हाताखालून किती निबंध गेले, किती पोरांचे प्रबंध. उद्या सगळ्यांवर बोट. बाईंनी वाचलं तरी होतं का, असं विचारतील."

निघताना त्यांनी टोपलीभर सीताफळं दिली. मी घेतली. हेही कबूल करते. बसथांब्यावर बसून त्यातली तीन खाल्ली, बिया पदरात गोळा करत. गोड होती. साहेबांचं जे बोलणं मला व्हरांड्यात बसून पटलं नव्हतं ते तिसऱ्या सीताफळाशी पटायला लागलं होतं. उरलेली टोपली मी शेजारी बसलेल्या बाईला देऊन टाकली, तेही भीतीपोटी.

अजिंठा

तिसऱ्या दिवशी सुजाताबरोबर एसटीनं अजिंठ्याला. लेण्यांना जाणारे प्रवासी आपल्या वाटेनं गेले, आम्ही गावात उतरून उलट्या दिशेच्या माळाला लागलो. पाऊस यंदा चांगला झालेला, गवत अजून हिरवं, मध्येच पिवळ्या सोनकीचे पट्टे. दूर घाटाची कड दिसत होती आणि तिच्याखाली खानदेशची निळसर सपाटी.

निबंधाच्या शेवटी साहेबांनी रंभाजी नावाच्या मेंढपाळाचे आभार मानले होते. सगळ्या निबंधात खरी निघालेली ही एकच गोष्ट. सुजातानं त्याला कधीच शोधून काढलं होतं. "मी दोनदा येऊन गेलेय," ती म्हणाली. "पण माझ्या सांगण्याला काय किंमत? मी तक्रार करणारी. तिसऱ्या कुणीतरी ऐकायला पाहिजे."

रंभाजीच्या वाड्यावर, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या कुंपणापाशी, लोकर कातरायचं काम चाललं होतं. घाट उतरण्याआधी दरवर्षी करतात. बाभळीखाली घोंगडी अंथरलेली, एकेका मेंढीचे पाय बांधून आडवी पाडायची आणि मोठ्या कातरीनं खर्र खर्र. काळी लोकर घोंगडीवर पडत होती आणि मेंढ्या उठून लाजल्यासारख्या पळत होत्या. रंभाजी मितभाषी. बोलायचं खातं त्याच्या बायकोकडं, गयाबाईकडं. नऊवारी, दंडावर गोंदण, तोंडात दोनच दात, पण दोन्ही कामाचे.

"कोण गं ह्यी म्हातारी?" तिनं सुजाताला विचारलं.

"लांबून आल्यात. खरंखोटं बघायला."

"येवढ्या वर्सांनी? वाटंत झोप लागली व्हय?"

मी मातीत बसले, म्हणजे मातीच असेल असं समजून बसले. ती माती नव्हती. गयाबाई मनापासून हसली. मग मी झेरॉक्स काढून मांडीवर ठेवली आणि विचारायला लागले. सुजातानं फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

"साहेब आले होते इथं?"

"आलं हुतं की. येक डाव. जीपमधनं. मेंढराच्या पाठीवर हात ठिवून फोटू काढला, च्या पिऊन गेलं."

"मेंढ्यांची वजनं केली?"

रंभाजीनं कातर थांबवली. "वजन? काटा कुठं हुता त्यांच्याजवळ?"

"काढा पाजला?"

"पुड्या दिल्या हुत्या. मागनं सरकारातनं बी आल्या, पोतं भरून. शास्त्रात सिद्ध झालंय म्हणले. म्हणून आमी डाक्टरचं औषिद बंद केलं." त्यानं पुन्हा कातर हातात घेतली.

पुढचं गयाबाईनं सांगितलं. "त्या साली कोकरं गेली. पोटं फुगून. रोज सकाळी येक-दोन उचलायची. ह्यांनी खड्डं खांदलं, मी माती लोटली. लई गेली, बाई."

मी तक्त्यातल्या जानेवारीवर बोट ठेवलं. "पौषात तुम्ही इथं होतात?"

"पौषात इथं काय दगडं चारू मेंढराला? दिवाळी झाली की आमी घाट उतरतो. पार खाली, तापीकडं. पाऊस लागायच्या टायमाला वर. माझ्या आजेसासऱ्यापासून ह्येच हाय. कुणाला बी इचार."

तेवढ्यात एका नुकत्याच कातरलेल्या मेंढीनं मागून मान घालून झेरॉक्सचा कोपरा ओढला. तिनं तो थोडा वेळ चघळला आणि थुंकून टाकला. माझ्यापेक्षा तिनं जास्त वेळ दिला होता आणि निर्णयही बरोबर दिला होता.

हे सगळं मी कागदावर लिहून घेतलं होतं. सुजातानं ते रंभाजीला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि त्यानं सावकाश सही केली. काम झालं. आता चहा प्यायचा आणि निघायचं. गयाबाईनं मेंढीच्या दुधाचा दाट चहा केला होता. तो ओतता ओतता तिनं सहज विचारलं, "मंग येवढं खोटं त्यांनी लिवलं, ते कुणी तपासलं न्हाय व्हय? शाळंत मास्तर पाटी तपासतो, तसं?"

"तपासतात," सुजाता म्हणाली. "पण त्यांचं नाव कळत नाही, मावशी. गुप्त असतं."

मी म्हणाले, "मी तपासलं होतं."

मला वाटलं होतं, हे वाक्य मी शहरात, खुर्चीवर बसून, तयारीनं म्हणेन. ते मेंढरांच्या लेंड्यांत बसून, हातात गरम पेला धरून, असंच निघून गेलं. सुजातानं फोन खाली ठेवला. रेकॉर्डिंग चालूच होतं.

"तू?" गयाबाई माझ्याकडं निरखून बघत म्हणाली. "मंग तुला मेंढरातलं कळत नसंल."

"कळतं. लहानपणी आमच्या रानात धनगर यायचे. मी त्यांच्या पालात वाढले."

"मंग तर लईच वंगाळ केलंस," ती म्हणाली, आणि भाकरीची टोपली माझ्याकडं सरकवली. "खा. जेवल्याबिगर जायचं नाय."

बाजरीची भाकरी, लाल मिरचीचा ठेचा, वर कच्चं तेल. मी जेवले. सुजाता जेवली नाही. ती वाड्याच्या कडेला जाऊन घाटाकडं बघत उभी होती. परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी न बसता दोन बाकं पुढं बसली. तीन तास मला तिची वेणी दिसत होती.

पुन्हा शहरात

चौथ्या दिवशी सकाळी मी लॉजच्या खोलीत बसून पत्र लिहिलं. आयुष्यात शंभरेक शिफारसपत्रं लिहिली, सगळी सरसर. हे तीन वेळा फाडलं. पहिल्या मसुद्यात मी "कामाच्या व्यापामुळे" असं लिहिलं होतं. व्याप कसला, कुरडयांचा? दुसऱ्यात "त्या काळच्या पद्धतीनुसार" असं आलं. तिसऱ्यात मी चक्क साहेबांच्या थोरवीवर एक परिच्छेद खर्च केला होता. पदवीधर माणसाला स्वतःविरुद्ध सरळ वाक्य लिहिता येत नाही. सगळी भाषा पळवाटांची शिकलेली. शेवटी लिहिलं ते असं: मी हा निबंध तपासला नाही. न तपासता पास केला. जानेवारीत त्या मेंढ्या गावात असणं शक्य नव्हतं, हे मला कळायला हवं होतं आणि कळत होतं. खाली सही, पूर्ण नाव. रंभाजीचा जबाब जोडून अनिरुद्धला पाठवलं.

त्याचं पुढं काय झालं ते इथंच सांगते, वाचकांना ताटकळत ठेवण्यासारखं त्यात काही नाही. दसऱ्यानंतर समिती बसली. निबंध मागे घेतल्याची चार ओळींची सूचना शेवटच्या पानावर छापून आली. "माहितीतील विसंगतीमुळे" असं तिच्यात आहे. खोटं हा शब्द नाही, मेंढ्या हा शब्दही नाही, कोकरांचा तर प्रश्नच नाही. माझं पत्र गोपनीय म्हणून फायलीत गेलं, म्हणजे मी दुसऱ्यांदा गुप्त झाले. ते मला मान्य नव्हतं, म्हणून हे लिहिलं. साहेबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा ठरल्या दिवशी झाला, मलाही पत्रिका आली होती. आणि विद्यापीठानं सुजाताला कळवलं की नोंदणीची मुदत संपलेली आहे, इच्छुक असल्यास नव्यानं प्रवेश परीक्षा द्यावी. आम्ही दोघी त्यावर अर्ज करतोय. तिसरा अर्ज परवा गेला.

पण हे सगळं नंतरचं. त्या चौथ्या दिवशी दुपारी मी पत्राची प्रत घेऊन तिच्या घरी गेले. आई देवळात नव्हे, विहारात गेली होती. सुजातानं दार उघडलं, पाणी दिलं, समोर बसून पत्र वाचलं. दोनदा वाचलं. मी माफीचं काहीतरी बोलायला लागले. लॉजवर जुळवून आणलेली वाक्यं होती, त्यातलं पहिलं अर्धंच झालं. तिनं हात वर करून मला थांबवलं, आत गेली आणि एक जाडजूड, हिरव्या कापडी बांधणीचा प्रबंध आणून माझ्या मांडीवर ठेवला. सोबत एक लाल पेन. मग ती जे बोलली ते मी त्याच दिवशी एसटीत बसून शब्दन्‌शब्द उतरवून घेतलं:

"माफी राहू द्या, मॅडम. हा तीन परीक्षकांकडं गेला होता. परत आला तेव्हा बाइंडिंगवाल्यानं चुकून चिकटवलेली चाळीस आणि एक्केचाळीस ही दोन पानं तशीच चिकटलेली होती, तिन्ही प्रतींत. तुम्ही ती उघडा. सगळा वाचा, आकडे तपासा, जिथं चुकलेय तिथं लाल करा. नापास करावासा वाटला तर करा, मी काही म्हणणार नाही. पण वाचून करा. मला आजपर्यंत कुणी वाचून नापास केलेलं नाही."